पंचमीची उंच गाडी

बोरीहून वाडीला जाणारा रस्ता डांबरी झाला, त्याला आता वर्ष होत आलं. त्या रस्त्यानं जाताना दत्तरावांना काहीतरी चुकल्यासारखं होतं. गाडी नुसती पळते. हाताला काम नाही, पायाला काम नाही, आता अडकतो की मग अडकतो ही धाकधूक नाही. असल्या रस्त्यानं कुणीही जाईल, त्यात कसली आली मर्दुमकी, असं ते पुटपुटतात आणि उगीच मान बाहेर काढून कडेची काळी माती बघतात. चाकोऱ्या कुठून कुठवर होत्या, हे त्यांना अजून बोट दाखवून सांगता येतं. ऐकणारा कुणी असला तर ते सांगतात. नसला तरी सांगतात.

ऐकणारा बहुतेक वेळा पंडितच असतो. पंडितचं जिंतूर रोडला वेल्डिंगचं दुकान आहे. अठ्ठ्याहत्तर साली, विद्यापीठाच्या नामांतरावरून दंगल पेटली तेव्हा, गावाकडचं त्याचं घर जळालं. वाचलेलं सामान आणि बायको घेऊन तो बोरीला आला आणि इथलाच झाला. इथलाच झाला असं आपण म्हणतो. त्याला विचाराल तर तो हसतो आणि विषय बदलतो. यंदाच्या संक्रांतीला विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला, तेव्हा तो पेढे घेऊन दत्तरावांच्या दारात आला होता. दत्तरावांनी दोन खाल्ले. त्यांची आई, नर्मदाबाई, असत्या तर त्यांनी पंडितच्या हातचा पेढा घेतला असता का, हे मात्र दत्तरावांना छातीठोकपणे सांगता येत नाही. बाई मोठी जिद्दीची होती. कोणता रिवाज धरायचा आणि कोणता सोडायचा, हे ती कुणाला विचारायला जात नसे.

ही गोष्ट पंच्याऐंशी सालची. दत्तरावांकडं तेव्हा एक पिकप होती. पिकप म्हणायची आपली पद्धत. मुळात ती लिलावात घेतलेली जुनी सरकारी जीप. मागचा भाग कापून तिथं लाकडी हौदा बसवलेला, आणि पुढं ड्रायव्हरशेजारी दोन माणसं बसतील एवढी गादी. कापूस सेलूच्या जिनिंगला, भाजी जिंतूरला, आणि बाजारच्या दिवशी वाटेत जो कोणी हात करील तो. बैलजोडी विकून गाडी घेतलेली, त्यामुळं सकाळी तिच्या बॉनेटवरून हात फिरवल्याशिवाय दत्तराव चावी लावत नसत. लोक हसायचे. त्यांच्या बापाचं काय जात होतं?

अशा या गुणी गाडीला एकच वाट जमत नव्हती, आणि नेमकी त्याच वाटेच्या टोकाला दत्तरावांची थोरली बहीण, धुरपताबाई, दिलेली होती.

वाडी काही लांब नव्हती. उन्हाळ्यात एक बिडी ओढून होईतो गाडी पोचायची. पण पाऊसकाळ लागला, की काळ्या रानातली ती वाट म्हणजे नुसती राड. बैलगाड्यांनी तिच्यात गुडघाभर खोल चाकोऱ्या पाडलेल्या. बैलगाडीचं चाक उंच, ती आपली कुरकुरत निघून जायची. जीपचं चाक बुटकं. ते चाकोरीत उतरलं की मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागायचा आणि गाडी म्हशीसारखी बसकण मारायची. मग कुणाचे तरी बैल आणून ओढायची. बैल विकून गाडी घेणाऱ्यानं दुसऱ्याच्या बैलांसाठी बांधावर उभं राहून हाका मारायच्या, यासारखी फजिती नाही.

धुरपताबाई बैलगाडीनं आली असती तर काही प्रश्नच नव्हता. पण कडब्याच्या गंजीवरून पडून तिच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. काठी टेकत ती घरातलं सगळं करायची. मांडी मात्र घालता येत नव्हती, पाय दुमडत नव्हता. बैलगाडीत पाय मुडपून बसायचं आणि वाटभर हादरे खायचे, हे तिच्याच्यानं होणारं नव्हतं. पाय सोडून गादीवर बसता येईल अशी एकच गाडी होती, आणि ती पावसाळ्यात वाडीला पोचत नव्हती. झालं. ओळीनं तीन वर्षं धुरपताबाई पंचमीला माहेरी आली नाही.

उन्हाळ्यात दत्तराव तिला आणायचे. पण नर्मदाबाईंच्या लेखी ते येणं म्हणजे येणंच नव्हे. पंचमीला आली ती माहेरवाशीण. बोरीत तेव्हा पंचमी म्हणजे काय असायची! घरोघर लाह्या फुटायच्या, लिंबाच्या फांद्यांना झोके लागायचे, भाऊ मुराळी होऊन बहिणींना आणायला निघायचे, आणि रात्री पोरीबाळी फेर धरायच्या त्याचा आवाज पार शिवारात जायचा. आता तसं काही राहिलं नाही असं दत्तराव म्हणतात. म्हातारपणी सगळेच म्हणतात, पण पंचमीपुरतं ते खरं आहे. तर अशा भरल्या गावात नर्मदाबाईंचं अंगण तेवढं रिकामं. तिसऱ्या वर्षी त्या वारुळाला जाऊन आल्या, पूजेचं ताट खाली ठेवलं आणि दत्तरावांना म्हणाल्या, "दत्ता, म्होरल्या पंचमीला माझी धुरपता आली न्हाई, तर मी वारुळाला पाय ठेवणार न्हाई. नागोबाला काय सांगायचं ते तू जाऊन सांग."

कळतं तेव्हापासून दत्तरावांनी आईला पंचमीला वारुळाला जाताना बघितलं होतं. ताप असताना गेली, वडील वारले त्या वर्षीही गेली. ती बाई आता लेकीपायी देवाशी कट्टी घ्यायला निघाली होती, आणि तिचा शब्द म्हणजे शब्द.

पुढचा आषाढ लागला तसे दत्तराव गाडी घेऊन पंडितच्या दुकानात जाऊन बसले.

"स्प्रिंगचे पाटे वाढव," ते म्हणाले. "दोन-दोन पाटे टाक दोन्हीकडं. उचलंल गाडी."

पंडित तेव्हा पंचविशीतला होता आणि जिभेनं फार तिखट. "उचलंल की," तो म्हणाला. "पर कडक व्हईल. आदळत जाईल. आक्का पोचतील वाडीहून, पर पोत्यात भरून उतरवाव्या लागतील. चालंल का?"

"मंग काय करायचं?"

पंडितनं दुकानासमोर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीकडं बोट दाखवलं. ट्रॉलीचं टायर जीपच्या टायरपेक्षा चांगलं उंच आणि रुंद, आणि रिमचं माप जवळपास तेच. त्यानं तिथल्या तिथं एक चाक लावून दाखवलं. गाडीचं पोट वर गेलं, पण स्टिअरिंग फिरवल्याबरोबर टायर मडगार्डला करकर घासायला लागलं.

"मडगार्ड काप," दत्तराव म्हणाले.

"कापू नगा. गाडी उघडीबोडकी दिसंल. त्यापरीस बॉडीच उचलू." आणि त्यानं समजावून सांगितलं. गाडीची बॉडी खालच्या चासीवर, म्हणजे लोखंडी सांगाड्यावर, नुसती बोल्टांनी बसवलेली असते. बोल्ट खोलायचे, बॉडी वर उचलायची, मध्ये ठोकळे ठेवायचे आणि लांब बोल्ट टाकून पुन्हा आवळायची. चासी खाली, बॉडी वर, मोठ्या टायरला ऐसपैस जागा. पाट्यांना हात लावायचा नाही, म्हणजे गाडी कडक व्हायची भीती नाही.

दत्तरावांना हे इतकं पटलं की त्यांनी लगेच दोन चहा सांगितले. मग तीन सांगावे लागले, कारण सटवाजी सुतार तिथंच कशाला तरी टाका मारून घ्यायला आला होता, आणि आपल्याला कुणी विचारलं नाही म्हणून त्यानं गप्प बसावं असा त्याचा स्वभाव नव्हता.

"ठोकळे कशाचे?" सटवाजीनं विचारलं.

"लोखंडाचे. जाड पाइप कापतो अन् वरखाली पत्रा मारतो," पंडित म्हणाला.

"लोखंडावर लोखंड? गाडी हाय का भांड्याचं दुकान? दिसभर बोंबलंल ती. बाभूळ घाल बाभूळ. मुरलेली."

"लाकूड पाण्यानं फुगतंय, मामा."

"अन् बैलगाडीचं चाक काय आभाळातून जायलाय व्हय रं? चिखलातच असतंय ना जलमभर?"

चहा झाला, दुसरा चहा झाला, भांडण काही संपेना. दत्तराव मध्ये बसून इकडं मान डोलवत होते आणि तिकडंही. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. ठोकळे बाभळीचे, आणि लोखंड-लाकडाच्या मध्ये जुन्या टायरच्या रबराच्या चकत्या. सटवाजीनं आपल्या परसातलं मोडक्या गाडीचं चाक आणलं आणि त्याच्या मधल्या मुरलेल्या गड्ड्यातून ठोकळे काढले. चकत्या पंडितनं कापल्या. दोघांचंही समाधान झालं, म्हणजे दोघंही थोडे थोडे नाराज राहिले.

किती उचलायची यावरही झालंच. सटवाजीनं बोटं आडवी धरून सांगितलं, चार बोटं. पंडितनं टेप लावून सांगितलं, तीन इंच. दोन्ही एकच निघालं, तरी ते बराच वेळ वाद घालत होते.

बसवायचा दिवस दत्तरावांना अजून डोळ्यांपुढं दिसतो. जुने बोल्ट गंजून चासीशी एकजीव झालेले. रॉकेल पाजलं, ठोकलं, शिव्या दिल्या. जे निघाले नाहीत ते पंडितनं गॅसनं कापले. मग ट्रॅक्टरचा जॅक लावून एक बाजू हळूहळू उचलायला घेतली. पत्रा असा काही कण्हला, की दत्तराव तोंड फिरवून रस्त्याकडं बघत उभे राहिले. आपल्या माणसाचं ऑपरेशन बघवत नाही, त्यातलाच प्रकार. पंडित खाली झोपून ओरडत होता, "सरकवा... अजून... आता सोडा, हळू सोडा." एका बाजूला ठोकळे गेले, मग दुसऱ्या बाजूला. बोल्ट आवळले आणि गाडी नव्या उंचीवर टेकली.

सगळं सुरळीत झालं असं समजू नका. बॉडी वर गेली, गिअरचा दांडा खालीच राहिला. दत्तरावांना वाकून चिखलात काही हरवल्यासारखं चाचपडावं लागायला लागलं. पंडितनं दांड्याला तुकडा जोडला. स्टिअरिंगचा कोन बदलला आणि चाक छातीशी आलं. पंखा कव्हरला घासून टर्रर्र करायला लागला, तेव्हा कव्हर कापलं. एकेक करून सगळं मार्गी लागलं, मोठी टायरं चढली, आणि संध्याकाळी गाडी दुकानाबाहेर काढून उभी केली तेव्हा दत्तराव दहा पावलं मागं जाऊन बघत राहिले. लग्नात नवरा मुलगा घोड्यावर बसल्यावर बापाला जे वाटतं ते त्यांना वाटलं. लोक जमले. कुणीतरी ओरडलं, "दत्तराव, आता चढायला शिडी घेऊन फिरा!" सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं दत्तराव हसले.

दुसऱ्या दिवशी परीक्षा झाली, आणि ती परीक्षा घ्यायची अक्कल पंडितची. पुढच्या गादीवर धुरपताबाईच्या अंगापिंडाचं सरकीचं पोतं ठेवायचं, आणि पोत्यावर पाण्यानं भरलेली घागर. ओढ्यापर्यंत जाऊन यायचं आणि किती पाणी सांडलं ते बघायचं. दोघातिघांनी हेला देऊन पोतं वर टाकलं, घागर दोरीनं जखडली, आणि दत्तरावांनी त्या बदनाम चाकोरीत गाडी घातली. गाडी हलली, डुलली, पण बसली नाही. मधला उंचवटा पोटाखालून गुपचूप निघून गेला. परत आले तेव्हा घागर निम्म्याच्या वर भरलेली होती.

"बस," पंडित म्हणाला. "आक्का काय एवढ्याबी सांडणार न्हाईत."

दत्तरावांची बायको, कुसुमबाई, पदर खोचून चाकावर पाय देऊन वर चढली आणि गादीवर बसून बघून आली. "लय झ्याक दिसतंय वरून," ती म्हणाली. नर्मदाबाईंनी हातानं टायर चाचपून बघितलं, गाडीवरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि लाह्यांची ज्वारी निवडायला बसल्या. त्यांची दृष्टी अधू झाली होती, पण त्या दिवशी खडा एक सुटला नाही.

पंचमीच्या आदल्या दिवशी, बहिणी भावासाठी उपास धरतात त्या दिवशी, दत्तराव मुराळी होऊन निघाले. धुतलेलं धोतर, कडक टोपी. नव्या कामाची पहिली लांबची फेरी म्हणून पंडित शेजारी. निघताना नर्मदाबाई म्हणाल्या, "ये घेऊन. तवर मी झोका बांधून घेते."

ती वाट दत्तरावांनी त्या दिवशी जशी काढली तशी पुन्हा कधी काढली नाही. ओढ्यात पाणी होतं, पलीकडं चाकोऱ्या तुडुंब भरलेल्या. एका बैलगाडीवाल्यानं बाजूला घेऊन यांना वाट दिली आणि तोंडात बोट घालून बघत राहिला. दत्तराव छातीशी आलेलं चाक दोन्ही हातांनी धरून गाणं म्हणत होते. त्यांना गळा नाही, पण पंडितनं त्या दिवशी काही म्हटलं नाही.

वाडीत गाडी शिरली तशी निम्मी वाडी गोळा झाली. दाजी, म्हणजे धुरपताबाईचे मालक भुजंगराव, उपरणं सावरत पुढं आले. आणि मग दारातून धुरपताबाई आली. हिरवं लुगडं, डोक्याला तेल, काखेत गाठोडं, हातात काठी. सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं आणि तोंड तर नुसतं फुललं होतं.

"केवढी उंच केलीस रं दत्ता!" ती म्हणाली. "माझ्यापायी?"

"तुझ्यापायीच तर," दत्तराव म्हणाले, आणि त्यांनी दार उघडलं.

धुरपताबाई गाडीजवळ आली. पूर्वी ती गाडीकडं पाठ करून उभी राहायची, पाटावर चढून गादीच्या काठावर टेकायची आणि मग पाय आत घ्यायची. आता ती पाठ करून उभी राहिली, तर गादी तिच्या बरगड्यांशी आली होती. तिनं मान वळवून वर बघितलं. मग दत्तरावांकडं बघितलं.

पाट आणला. पाटावर पाट ठेवला. दाजींनी एका बाजूनं धरलं, दत्तरावांनी दुसऱ्या. ती दोन्ही पाटांवर चढली, आणि तिथं तिची नजर खाली गेली. ओल्या मातीत पाट किंचित डुगडुगला. धुरपताबाई किंचाळली आणि तिनं दत्तरावांचं मनगट असं धरलं की नखं रुतली. सगळं अंग थरथरायला लागलं, कपाळावर घाम. गंजीवरून पडल्यापासून हातभर उंचीवर उभं राहिलं तरी तिला असं व्हायचं. माळवदाच्या शिडीकडं ती बघतसुद्धा नसे. हे दाजींना माहीत होतं. दत्तरावांना माहीत नव्हतं; त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

"मी उचलतो," दत्तराव म्हणाले. त्यांनी तिला दोन्ही हातांवर घेतलं आणि नेऊन गादीवर बसवलं. बसली ती. गाडी जराशी झुकली, मोठ्या टायरवर डुलली. धुरपताबाईनं डोळे गच्च मिटले.

"उतरव," ती म्हणाली. "दत्ता, पाया पडते तुझ्या, उतरव मला."

दत्तरावांनी तिला खाली उतरवलं, तेवढ्यात कुणीतरी बाज आणली. बाजेवर निजवून मागच्या हौद्यात ठेवू, वरून धरून बसू. ते ऐकल्यावर मात्र तिचा थरकाप थांबला आणि ती कडाडली, "चौघांनी उचलून काढायलाव का मला घरातून? सणाच्या तोंडावर?" बाज मुकाट परत गेली.

थोड्या वेळानं तीच दत्तरावांजवळ आली. पदरानं आधी आपले डोळे पुसले, मग त्यांचे. "तू आलास, माझा उपास पावला," ती म्हणाली. "मायला म्हणावं, वारुळाला जा. माझ्यापायी देवाला उपाशी ठेवू नगंस म्हणावं." गाठोडं सोडून तिनं आईसाठी घेतलेलं लुगडं त्यांच्या हातात दिलं.

परतीच्या वाटेवर गाणं नव्हतं. गाडी चाकोऱ्यांतून ऐटीत निघाली होती आणि दत्तरावांना तिला काठीनं बडवावंसं वाटत होतं. टायर मोजलं होतं, मडगार्ड मोजलं होतं, पंख्याचं कव्हर मोजलं होतं, घागरीतलं पाणीसुद्धा मोजलं होतं. जिच्यासाठी हे सगळं केलं, तिचा पाय कुणी मोजला नव्हता. पोत्याला पाय नसतात, आणि पोत्याला भीती वाटत नाही, एवढी साधी गोष्ट तीन शहाण्यांच्या ध्यानात आली नव्हती.

"ठोकळे काढू का?" पंडितनं विचारलं.

"काढून काय? खाली घेतली तर ती चढंल, पर गाडी पोचणार न्हाई. वर ठेवली तर गाडी पोचंल, पर ती चढणार न्हाई."

पंडितनं खिशातला टेप काढला आणि तसाच परत ठेवला.

पंडितला दुकानाशी सोडून दत्तराव घरी पोचले तेव्हा दिवस अजून होता. अंगणातल्या लिंबाला झोका बांधलेला. गाडीचा आवाज ऐकून नर्मदाबाई लगबगीनं पुढं आल्या, डोळ्यांवर हात धरून. "धुरपते," त्यांनी हाक मारली. गाडीतून दत्तराव एकटेच उतरले.

त्यांनी सगळं सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज फुटला आणि एवढा बाप्या माणूस दारात उभा राहून लहान पोरासारखा रडला. नर्मदाबाईंनी त्यांची समजूत काढली नाही. त्या गाडीजवळ गेल्या, टायरवर हात ठेवला, तिथून चाचपत वर गेल्या, गादीच्या काठापर्यंत.

"एवढं उंच?" त्या म्हणाल्या.

"व्हय."

"मला चढता येतंय का बघ."

"तुला कशाला?"

"मी काय गंजीवरून पडले न्हाई. उचल मला."

दत्तरावांना आधी कळेचना. मग कळलं, आणि ते दचकले. लेकीला लेकरू झाल्याशिवाय आईबापानं किंवा भावानं तिच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये, हा त्यांच्याकडचा रिवाज. धुरपताबाईला लेकरू झालं नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं होऊनही नर्मदाबाईंनी वाडीची शीव ओलांडली नव्हती. लेकीची चूल कोणत्या तोंडाची आहे हे त्यांना माहीत नव्हतं. ती गंजीवरून पडली, तेव्हासुद्धा त्या ओढ्यापर्यंत गेल्या होत्या आणि तिथून रडत परत आल्या होत्या.

"माय, लोक काय म्हणतील?" दत्तराव म्हणाले.

"नागोबा काय फक्त बोरीतच ऱ्हातो व्हय?" नर्मदाबाई म्हणाल्या. "वाडीला वारूळ न्हाई का? कुसुम, त्या लाह्या बांध."

पंचमीच्या सकाळी दत्तरावांनी आईला दोन्ही हातांवर उचललं. किती हलकी झाली आहे ही, असं त्यांच्या मनात आलं, आणि आपण इतक्या वर्षांत तिला कधी हातसुद्धा लावला नव्हता, तिच्या पाया पडण्यापुरतं सोडून, असंही आलं. त्यांनी तिला गादीवर बसवलं. अंगावर धुरपताबाईनं पाठवलेलं लुगडं, मांडीवर लाह्यांचं गाठोडं, आणि पायाशी दोराचं वेटोळं. झोका सोडवून घेतला होता बाईनं. एका बाजूला दत्तराव, दुसऱ्या बाजूला पंडित. वाटेत गाडी डुलली की त्या हसायच्या. "लय उंचावरून दिसतंय की रं सगळं," त्या म्हणाल्या, आणि त्यांना काय दिसत होतं ते त्यांनाच ठाऊक.

वाडीत गाडीचा आवाज ऐकून धुरपताबाई काठी टेकत दारात आली आणि लांबूनच ओरडली, "दत्ता, कामून परत आलास? माझ्यानं न्हाई रं चढणं व्हायचं."

"तुला कोण चढ म्हणालंय?" वरून आवाज आला.

धुरपताबाईच्या हातातली काठी गळून पडली. दत्तरावांनी आईला खाली उतरवलं. नर्मदाबाईंनी दोराचं वेटोळं पंडितच्या हातात दिलं. "दारातल्या लिंबाच्या खालच्या फांदीला बांध, भुईच्या जवळ. मी बसले की ही हेलकावा दील." मग त्या उंबऱ्याकडं चालायला लागल्या, हात पुढं करून, कारण ते घर त्यांना अनोळखी होतं. धुरपताबाईनं तो हात धरला.

उंबऱ्यात तिनं आईचे पाय धुतले. वाकता येत नव्हतं, तशी ती भिंतीला टेकून उभ्यानंच तांब्यानं पाणी ओतत होती. पाणी विचारावं की नाही, हे तिला कळत नव्हतं. आजवर माहेरच्या कुणी मोठ्या माणसाला तिनं कधी पाणी विचारलं नव्हतं. दत्तराव चोरून वाडीबाहेरच्या विहिरीवर जाऊन पिऊन यायचे, तेसुद्धा तिला माहीत होतं.

नर्मदाबाई आत येऊन टेकल्या. इकडं तिकडं बघितलं, चूल बघितली, मांडणीवरची चकचकीत भांडी बघितली. मग म्हणाल्या, "तहान लागली गं धुरपते."

"माय, माझ्या घरचं?"

"मंग कुणाच्या घरचं पिऊ?"

धुरपताबाईनं तांब्या भरला. तो आईच्या हातात देताना थोडं पाणी सांडलं. नर्मदाबाईंनी तांब्या तोंडाला लावला आणि न थांबता सगळा पिऊन संपवला. धुरपताबाई भिंतीला धरून बघत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिनं ते पुसलं नाही. दत्तराव दारातच उभे होते. आत यावं की बाहेर जावं, हे त्यांना सुचेना.

तांब्या खाली आला तशी धुरपताबाई म्हणाली, "आणखी देऊ?"

"दे," नर्मदाबाई म्हणाल्या, "अन् त्या दत्तालाबी दे."